किंकाळी नसलेला चौथा भाग

४ जानेवारी

आज शेठच्या ऑफिसात मला सांगण्यात आलं, की चौथ्या भागात मी मरणार आहे.

मी म्हटलं, "शेठ, मी मेलेलीच आहे. तीन सिनेमे झाले त्याला."

शेठ हसले नाहीत. ते हसले नाहीत म्हणजे गोष्ट ठरलेली असते.

'जिना', 'जिना दोन' आणि 'जिना तीन' यांत काय होतं ते शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. सातवी पायरी करकरते. दिवा फडफडतो आणि जातो. मग वरून मी उतरते, हातापायांवर, डोकं खाली, केस पुढे. शेवटच्या पायरीवर मान वर करते आणि किंचाळते. त्यानंतर कोणीतरी मरतं. तीन भागांत मिळून सव्वीस माणसं गेली, त्यांतली तेवीस माझ्या हातून. बाकीची आपल्या मूर्खपणाने. लोक मला 'जिन्यावरची' म्हणतात. अठ्ठावन्नाव्या वर्षी एवढं नाव कोणाचं होतं?

आता शेठनी नवीन डायरेक्टर आणलीय. दुसऱ्या भागाला ती आवाजाच्या खात्यात होती, माझी किंकाळी तिनेच टिपलेली. जाड भिंगांचा चष्मा लावते, म्हणून मी आणि मेकअपदादा तिला आपसांत चष्मा म्हणतो. ती खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाली, "या भागात भूत नाहीये. भूत व्हायच्या आधीची बाई आहे."

"आणि किंकाळी?"

"नाही."

"एकही?"

"एकही नाही."

म्हणजे गवयाला बोलवायचं आणि टाळ धरायला सांगायचं. शेठ म्हणाले, लोकांना आता तेच तेच नको झालंय. तिसऱ्या भागाला माणसं पायरी वाजायच्या आधीच पायरीचा आवाज काढत होती, हे खरं आहे. पण ते प्रेमाने.

घरी येऊन ताईला सांगितलं. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. छापखान्यात बत्तीस वर्षं प्रुफं तपासली, लग्न केलं नाही, निवृत्त झाल्यापासून माझ्याकडे असते. माझा एकही सिनेमा तिने पाहिलेला नाही, रक्त बघवत नाही म्हणते. दुसऱ्या भागाच्या पोस्टरवर मात्र 'जीना' असं दीर्घ छापलं होतं, ते तिने चालत्या बसमधून ओळखलं होतं.

"बरं झालं," ती म्हणाली. "तुझ्या गुडघ्यांना आराम." मग तिच्या जुन्या मैत्रिणीचं पत्र आलंय, ती मैत्रीण काहीतरी नवीन सुरू करतेय, असं सांगत होती. तेवढ्यात मेकअपदादांचा फोन आला. त्यांना बातमी कळली होती आणि ते जवळजवळ रडत होते.

११ जानेवारी

स्क्रिप्ट वाचली. नव्वद पानं. शहाऐंशीव्या पानापर्यंत कोणी मरत नाही.

गोष्ट अशी: भावाच्या घरात वरच्या खोलीत एक बाई राहते. घरचे तिला 'वरची' म्हणतात. वाईट वागवत नाहीत, जेवायला देतात, आजारी पडली तर औषध आणतात. फक्त तिच्याशी बोलायचं राहून जातं. पान बारा: वरची खाली येते, स्वयंपाकघराच्या दाराशी थांबते, परत वर जाते. पान तेवीस: तेच. पान एकेचाळीस: तेच, फक्त दिवसाउजेडी. शेवटी ती सातव्या पायरीवर बसते आणि तिथेच जाते, आणि दीड दिवस घरात कोणाच्या लक्षात येत नाही.

मी चष्म्याला म्हटलं, "बाई, ही भुताची गोष्ट आहे की गुडघ्यांचा व्यायाम?"

ती म्हणाली, "मला तर लिहितानाच भीती वाटली. तुमच्या पाहण्यात असं कोणी आहे का?"

"छे," मी म्हटलं. "आमच्याकडे तसलं काही नाही. आम्ही दोघीच असतो, मजेत असतो."

हे लिहिताना ताईने दोनदा हाक मारली. लिहिताना मध्येच उठलं की माझी लय जाते, हे तिला माहीत असायला हवं.

२ फेब्रुवारी

शूटिंगचा पहिला दिवस. फजिती.

पूर्वी मेकअपला चार तास लागायचे. डोळ्यांत पांढरी भिंगं, गालांवर मेणाच्या भेगा, दातांना काळं. आज मेकअपदादांनी माझ्या कपाळावरचा घाम टिपला आणि काम संपलं. ते डबा मिटून स्टुलावर बसून राहिले. म्हणाले, "अठरा वर्षं तुझं थोबाड झाकलं. आता म्हणतात, तेच दाखवायचंय. लोकांना बघवेल का गं?"

पहिला शॉट: खाली यायचं, दाराशी थांबायचं, परत वर जायचं. एकोणीस टेक झाले. मी डोळे मोठे केले, बारीक केले, ओठ थरथरवला, एकदा तर हुंदकाही दिला. दर वेळी चष्मा येऊन हळूच सांगायची, "तुम्ही काहीतरी करताय. करू नका."

काहीच करायचं नाही तर माझं इथे काम काय? जिना आहे की त्यांच्याकडे, त्याचाच शॉट घ्या.

५ फेब्रुवारी

आज सुटले. कशी ते लिहिते, पण हे बाहेर कळता कामा नये.

सकाळी शेठ सेटवर येऊन बसले होते. त्यांच्यासमोर अब्रू जायची वेळ आली, आणि ऐन शॉटला मला दुसरं काही सुचेना म्हणून मी सरळ आमच्या ताईची नक्कल केली. ताई दाराशी येते तेव्हा चौकटीवर चार बोटं टेकते. आत कोणी बोलत असेल तर वाट बघते. बोलण्यात जरा खंड पडला की तिचं तोंड अर्धवट उघडतं, तोवर पुन्हा कोणीतरी बोलायला लागतं. मग ती स्वतःशीच "असू दे" म्हणते आणि वळते. एवढंच केलं.

चष्म्याने 'कट' म्हणायला बराच वेळ लावला. दिवेवाला नाक शिंकरत होता, सेटवर धुळीने सगळ्यांना सर्दी झालीय.

"हेच," चष्मा म्हणाली. "हे कुठून आणलंत?"

"अनुभव," मी म्हटलं.

नक्कल म्हणजे काही अभिनय नव्हे. पण हिला फरक कळत नसेल तर आपण कशाला शिकवायचं?

१२ फेब्रुवारी

आता रोज घरी आल्यावर ताईकडे नीट बघत बसते, दुसऱ्या दिवशीची बेगमी करायला. सोमवारी तिचं रिकाम्या पिशव्यांच्या चौकोनी घड्या घालणं घेतलं. मंगळवारी दारावरची घंटा वाजल्यावर अर्धं उठणं आणि 'कोण आहे' न विचारता परत बसणं घेतलं. काल चहाच्या कपात बघून हसणं. ते नेमकं कशासाठी असतं ते कळलं नाही, पण कॅमेऱ्यात छान आलं.

ताईच्याही लक्षात आलंय. परवा विचारलं, "काय बघतेस गं?"

"काही नाही."

तेव्हापासून मी यायच्या वेळेला ती केस विंचरून, कानांत मोत्याच्या कुड्या घालून बसलेली असते. म्हातारपणी एकेकाला नखरे सुचतात. मला अडचण झाली, कारण कानांवर केस आलेले हवे होते.

२१ फेब्रुवारी

उद्या मोठा प्रसंग: वरची आपल्याच खोलीत एकटी बोलते. म्हणून आज ताईला मुद्दाम बोलतं केलं. विचारलं, "दुपारी मी नसते तेव्हा काय करतेस?"

ती तासभर बोलली. इतकी बोलताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. बोलताना तिचा अंगठा टेबलावर एकाच जागी फिरतो, जणू तिथे काही चुकीचं छापलंय आणि ते तिला पुसायचंय. मी सबंध वेळ तेच बघत होते. फार उपयोगी आहे. मैत्रिणीच्या छापखान्याबद्दल काही चाललं होतं, शाळेची पुस्तकं, नजर अजून चांगली आहे वगैरे. शेवटी तिने मला काहीतरी विचारलं आणि मी "हो हो, अगदी" म्हटलं. काय विचारलं ते आता आठवत नाही.

ताई खूश दिसली. तिलाही कोणीतरी ऐकणारं हवंच असतं.

३ मार्च

आज मेले.

सातवी पायरी. खाली घरची माणसं टीव्ही बघून हसतायत. वरची दोन पायऱ्या उतरते, दम लागतो, बसते, भिंतीला डोकं टेकते. बस. मला वाटलं होतं, निदान मरताना तरी चष्मा मला थोडी मोकळीक देईल. किंकाळी अगदी घशाशी आली होती, अठरा वर्षांची सवय. गिळली.

अकरा मिनिटं तशीच पडून होते, कोणी 'कट' म्हणेना. शेवटी मेकअपदादा स्वतःच चालत फ्रेममध्ये आले आणि माझ्या अंगावर शाल घातली. शॉट बिघडवला. इतक्या वर्षांचा माणूस, पण शिस्त नाही. चष्मा त्यांना काही बोललीही नाही. तोंड फिरवून भिंतीकडे बघत उभी होती. डोळे जड झाले असतील, कालपासून झोप नव्हती तिला.

२० एप्रिल

शेठनी निवडक चाळीस माणसांना सिनेमा दाखवला. दुपारी मला बोलावून दार लावून घेतलं.

"कोणी घाबरलं नाही," शेठ म्हणाले. "एक माणूस तर मध्येच उठला. मी पाठोपाठ गेलो, म्हटलं विचारू काय आवडलं नाही. तर तो बाहेर कोपऱ्यात उभा राहून आईला फोन लावतोय! आईला! भुताच्या सिनेमात!"

"म्हणजे बुडालो?"

"बुडालो नाही. तू आहेस ना." मग त्यांनी योजना सांगितली. शेवटी, ती पायरीवर पडलेली असताना, एक किंकाळी घालायची. पूर्वीसारखी, कानठळ्या बसवणारी. चष्म्याला पडद्यावरच कळू दे. आणि पाचवा भाग पूर्ण माझा, भूत पहिल्या दृश्यापासून.

मी उठून त्यांच्या पाया पडायचंच बाकी ठेवलं. शेवटी कोणाला तरी माझी किंमत कळली. चार दिवस गुळण्या करायच्या, थंड प्यायचं नाही. ताईशीही खुणांनीच बोलतेय, घसा जपायला. ती बिचारी काही विचारतही नाही.

२४ एप्रिल

साउंड स्टुडिओत गेले. अशी किंकाळी दिली, की आवाजवाल्याने कानांवरचं यंत्र काढून टाळ्या वाजवल्या. म्हणाला, "बाई, दुसऱ्या भागापेक्षा सरस."

मग त्याने ती चित्रावर लावून दाखवली. स्वतःला तसं पडलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. पायरीवर एक म्हातारी. भिंतीला टेकून. हात मांडीवर, जशी कोणाच्या तरी बोलावण्याची वाट बघतेय. आणि तिच्यातून माझा तो आवाज निघाला. मला एकदम ओशाळल्यासारखं झालं. वाटलं, ती किंचाळत नाहीये, कोणीतरी तिच्या अंगावर ओरडतंय.

"काढा ते," मी म्हटलं.

"शेठनी सांगितलंय."

"शेठशी मी बोलते."

कारण अगदी साधं आहे: तिचं तोंड बंद आहे. बंद तोंडातून किंकाळी कशी येईल? हा तंत्राचा प्रश्न आहे, बाकी काही नाही. शेठना तेच सांगितलं. "लोक हसतील," म्हटलं. भुताच्या सिनेमात माणूस हसला की सगळं संपलं, हे शेठइतकं कोणाला माहीत? ते म्हणाले, "ठीक आहे. पण पाचव्यासाठी मी दुसरी बघतो. गुडघे चांगले असलेली."

मी "बरं" म्हणून उठले. घरी येताना सबंध रस्ताभर स्वतःला शिव्या घातल्या. अठरा वर्षांचं काम मी चार शब्दांत घालवून आले, तेही एका चष्मेवालीच्या सिनेमासाठी, जो मला कळलेलाही नाही.

१६ मे

आज लागला. दुपारचा पहिला खेळ.

ताई म्हणाली, "भूत नाहीये ना? मग मी येते." पहिल्यांदाच. इस्त्रीची साडी नेसून, तिकीट स्वतःच्या हातात धरून.

अर्ध्या तासाने मागून एकजण ओरडला, "भूत कुठाय?" लोक हसले. दहा-बारा उठून गेले. मी खुर्चीत इतकी खाली सरकले, की मला फक्त पुढच्याची टाळू दिसत होती. मग स्वयंपाकघराच्या दाराचा प्रसंग आला. चौकटीवर चार बोटं. शेजारी ताई ताठ झाली. पिशव्यांच्या घड्या आल्या. दारावरची घंटा आली. टेबलावर फिरणारा अंगठा आला, तेव्हा तिने आपला हात पदराखाली घेतला.

सिनेमा संपला. कोणी शिट्टी मारली नाही, टाळी नाही. दिवे लागले तरी माणसं बसूनच. मी ओळखलं, आपटला. तिसऱ्या भागाला लोक आरडाओरडा करत बाहेर पडले होते.

घरी आल्यावर ताई चपला न काढताच दारात उभी राहिली आणि म्हणाली, "ती मी आहे."

"अगं, पात्र असतं ते. थोडं इकडचं, थोडं तिकडचं..."

"नाही. सगळं माझंच आहे. एकही चूक नाही त्यात." बत्तीस वर्षांत तिने हे वाक्य किती जणांना म्हटलं असेल कोण जाणे. "घाबरले मी."

"त्यात घाबरण्यासारखं काय होतं? भूतच नव्हतं."

ती म्हणाली, "मला वाटायचं, तुझं लक्षच नसतं माझ्याकडे. म्हणून मी मनाशी म्हणायचे, असू दे, कामाची माणसं आहेत. पण तू तर सगळं बघितलंस. बारीकसारीक सगळं. बघितलंस, आणि शूटिंगला घेऊन गेलीस."

मी विचारलं, "पण काम कसं झालं?"

"उत्तम झालं," ती म्हणाली आणि चपला काढल्या.

१९ मे

आश्चर्य! पेपरात स्तुती आलीय. तिसऱ्या दिवशी खेळ भरले. एकाने लिहिलंय, 'जिन्यावरचीला पहिल्यांदा चेहरा मिळाला.' दुसऱ्याने लिहिलंय, 'हे निरीक्षण प्रेमाशिवाय शक्य नाही.' मेकअपदादांनी दोन्ही कात्रणं फोनवर वाचून दाखवली आणि म्हणाले, "बघवलं गं लोकांना." चष्म्याचाही फोन आला. किंकाळीचं तिला कुठून तरी कळलंय. "आभार" म्हणाली आणि लगेच फोन ठेवून दिला.

वाटलं, हे ताईला सांगावं. तिच्या खोलीत गेले तर ती बॅग भरत होती.

"कुठे निघालीस?"

"मैत्रिणीकडे. तिच्या छापखान्यात प्रुफं बघायला माणूस हवाय, जानेवारीपासून बोलावतेय. राहायला वरच्या मजल्यावर खोली आहे... नको, म्हटलं, खालची दे. तिने दिली."

"आणि मला आज सांगतेस?"

"तुला विचारलं होतं मी. जावं का, म्हणून. तू म्हणालीस, हो हो, अगदी."

मी म्हटलं, शक्यच नाही. इथे येऊन वही काढली, तिला दाखवून द्यायला. एकवीस फेब्रुवारी. माझ्याच अक्षरात आहे.

वही दाखवली नाही. मला ओरडावंसं वाटलं, आणि ते तर मला चांगलं येतं. पण झालं काय, तोंड उघडलं आणि विचारलं, "गरम कपडे घेतलेस का?"

२२ मे

ताईला बसमध्ये बसवून आले. बस सुटेपर्यंत काहीतरी बोलावं म्हणून मी पेपरातल्या स्तुतीबद्दल बोलत होते. तिने ऐकून घेतलं. मग खिडकीतून हात बाहेर काढून माझ्या गालावर ठेवला आणि म्हणाली, "जेवत जा वेळेवर."

सदुसष्टाव्या वर्षी कोणी नोकरीला जातं का? चार लोकांत विचारलं तर काय सांगायचं?

३० मे

शेठचा निरोप आलाय. चौथा चाललाय, तेव्हा पाचवाही 'तसाच' करू, किंकाळीशिवाय, आणि गुडघ्यांचं काही नाही म्हणे. चष्मा लिहायला बसलीय. तिने कसं कोण जाणे, ओळखलेलं दिसतंय. विचारलं, यंदा कोणाकडे बघून काम कराल?

मी म्हटलं, कळवते.

घर नीटनेटकं आहे. आवाज अजिबात नाही, त्यामुळे वाचन छान होतं. काल दारावरची घंटा वाजली, मी उठून गेले, तर शेजारच्यांकडे कोणीतरी आलं होतं.

९ जून

आज मीच छापखान्यात फोन लावला. एरवी ताई रविवारी करते, पण या रविवारी तिला जमलं नव्हतं.

मागे यंत्रांचा खडखडाट. ताई भराभर बोलत होती. विज्ञानाच्या पुस्तकात 'हृदयाचे ठोके'ऐवजी 'हृदयाचे ठोकळे' छापलं जाणार होतं, ते तिने पकडलं. सांगता सांगता इतकी हसली, की तिला ठसका लागला. तिच्या खोलीला दोन खिडक्या आहेत, संध्याकाळी सगळे अंगणात खुर्च्या टाकून बसतात. मी 'हं, हं' करत होते. मग विचारलं, "माझी आठवण येते की नाही?"

"येते की. थांब हं, हाक मारतायत मला. आलेच."

तिने फोन टेबलावर ठेवला. तिची पावलं लांब गेलेली ऐकू आली. कोणाचा तरी वाद चालला होता, तो थांबला. मग ताईचा आवाज आला, मोठा, यंत्रांच्या वर चढलेला: "दीर्घ! 'परीक्षा'ची री दीर्घच! कोणी शिकवलं तुम्हाला?" आणि सगळे हसले.

सदुसष्ट वर्षांची बाई. एवढा मोठा आवाज आहे तिला, हे मला माहीत नव्हतं.

मी फोन कानाला धरून बसले. मला फक्त एवढंच सांगायचं होतं, की परवापासून दोन दिवस मी मोकळी आहे आणि बस थेट तिकडे जाते. त्यांचं बोलणं जरा थांबलं की हाक मारू, म्हटलं. एकदा थांबलंही, पण तेवढ्यात कोणीतरी चहा घ्यायचा का विचारलं. तिकडे आता कुठलं तरी जुनं पुस्तक काढून वाचून दाखवत होते. ताई मधूनमधून "नाही, नाही, पुढे बघ" म्हणत होती. बराच वेळ ऐकत होते.

मग कोणीतरी येऊन फोन जागेवर ठेवला.